सिक्वेन्स डायग्राम: नऊ काढले, नऊच्या नऊ परत आले

भिंगरी_२१

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय, सांभाळून घ्या.

थर्ड इयर कॉम्प्युटर, चौघांचा ग्रुप. प्रोजेक्ट म्हणजे हॉस्टेलच्या मेसचं अ‍ॅप. उद्या जेवायला आहात की नाही ते आदल्या रात्री सांगायचं, पैसे यूपीआयने भरायचे, अ‍ॅपमध्ये कुपन येतं, ते काउंटरवर दाखवायचं. झालं. सेकंड रिव्ह्यू पुढच्या मंगळवारी आहे. आम्ही नऊ सिक्वेन्स डायग्राम (अ‍ॅपचे भाग एकमेकांना कुठल्या क्रमाने काय सांगतात ते दाखवणारी चित्रं) काढून नेले (लॉगिन, रजिस्ट्रेशन, फर्गॉट पासवर्ड, मेन्यू बघणे, बुकिंग, पेमेंट, कॅन्सल, फीडबॅक, लॉगआउट) आणि गाइड मॅडमनी पानं उलटत उलटत सगळ्यांवर एकच शेरा मारला, "हा फ्लोचार्ट आहे". नऊ वेळा. शेवटी शेवटी नुसतंच "फ्लो." लिहिलंय.

खरं सांगायचं तर त्यातले चार आमच्या एका मेंबरने कुठल्यातरी जुन्या ब्लॅक बुकातून (म्हणजे जुन्या ग्रुपच्या प्रोजेक्ट रिपोर्टातून) उचलले होते, नावं बदलून. एकात "लायब्ररियन" तसाच राहिला. मेसच्या अ‍ॅपमध्ये लायब्ररियन 😭

प्रश्न: १) प्रत्येक यूज केसला (अ‍ॅपचं एकेक काम, जसं बुकिंग) एक डायग्राम हवाच का? २) किती खोलात जायचं? ३) टूल कुठलं, कारण आत्ताच्या टूलच्या फुकट आवृत्तीत प्रिंटवर आडवा वॉटरमार्क येतो. ४) चौघांनी मिळून हे कसं करतात? सध्या "तू डायग्राम कर, मी कोड करतो" चालू आहे आणि "तू" म्हणजे नेहमी मीच.

कट्टाकरी

लायब्ररियनला पण भूक लागते हो. राहू दे त्याला.

नीरक्षीर

लॉगआउटचा सिक्वेन्स डायग्राम!! दंडवत घ्या ताई.

लालपेन

मी तुमच्या मॅडमच्या जागी बसणाऱ्यांपैकी आहे, कॉलेज वेगळं, पेन तेच. तेव्हा त्यांची बाजू मांडतो.

दर वर्षी पन्नासेक ग्रुप बघतो, त्यातल्या बहुतेकांच्या सिक्वेन्स डायग्राममध्ये बाणांवर काय लिहिलेलं असतं, तर "युझरने बटण दाबले", "मग पेज उघडते", "व्हॅलिड असेल तर पुढे जा". एका ग्रुपने तर मध्ये चौकोनी डायमंड काढून येस-नो लिहिलं होतं. म्हणजे पायऱ्या लिहिल्या, कोण कोणाला काय सांगतंय ते राहिलंच. फ्लोचार्टमध्ये पुढे काय होतं हा प्रश्न असतो, इथे कोणी कोणाला सांगितलं आणि कोण कोणाची वाट बघत बसलं हा असतो.

एकच नियम सांगतो, तो पाळलास तर निम्मा लाल रंग कमी होईल. बाण ज्याच्यावर जाऊन टेकतो, बाणावरची मेथड त्याच्या क्लासमध्ये असली पाहिजे (क्लास म्हणजे कोडमधला तो भाग, मेथड म्हणजे त्याला करता येणारं एक काम). ज्याच्याकडून निघाला त्याच्या नाही. सर्व्हरकडून बुकिंगकडे "रद्दकर" असा बाण गेला तर बुकिंग क्लासमध्ये रद्दकर ही मेथड हवी. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) आले की मी बघतो ना, ते क्लास डायग्राम (कुठल्या क्लासमध्ये कुठल्या मेथड ते दाखवणारं चित्र) डाव्या हाताला ठेवतात, सिक्वेन्स उजव्या हाताला, आणि एका बाणावर बोट ठेवून विचारतात, ही मेथड तिकडे दाखवा. तिथे ग्रुप एकमेकांची तोंडं बघायला लागतो.

बाकीचं पटपट. खाली जाणारी तुटक रेघ म्हणजे लाइफलाइन, वेळ वरून खाली जातो (पण मोजमापाने नाही, दोन बाणांत एक सेंटिमीटर म्हणजे एक सेकंद असलं काही नसतं). लाइफलाइनवरची उभी अरुंद पट्टी म्हणजे तो तेव्हा कामात आहे. भरीव टोकाचा सलग बाण म्हणजे सांगून उत्तराची वाट बघत थांबलाय, उघड्या टोकाचा सलग बाण म्हणजे सांगितलं आणि आपल्या कामाला लागला. तुटक बाण म्हणजे उत्तर परत आलं. अटी असतील तर डायमंड नाही, ऑल्टची चौकट. एकच शक्यता, झाली तर झाली, तर ऑप्ट. पुन्हा पुन्हा तर लूप. आणि युझरपासून थेट डेटाबेसला बाण काढू नकोस गं, तुझा युझर एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) लिहितो का?

भिंगरी_२१

@लालपेन सर आम्ही तो बाण काढलाय 🙈 तीन डायग्राममध्ये.

शिडीवाला

हा धागा बघून हात शिवशिवले. आमच्या टेलिकॉममध्ये याला लॅडर म्हणायचे, शिडी. नोकरीला लागलो तेव्हा यूएमएल (तुमच्या या डायग्रामांची ठरलेली भाषा) हे नावही आमच्या मजल्यावर कोणी ऐकलं नव्हतं, पण दिवसभर शिड्याच बघायचो. दोन उभे खांब म्हणजे दोन एक्सचेंज, मधल्या आडव्या पायऱ्या म्हणजे मेसेज. इकडून आयएएम गेलं, म्हणजे अमुक नंबर लावायचाय. तिकडून एसीएम आलं, पत्ता पूर्ण मिळाला, घंटी वाजवतोय. एएनएम आलं म्हणजे पलीकडच्याने उचलला, आणि बिलाचं मीटर इथून चालू. मग कोणीतरी ठेवला की आरईएल, त्याला उत्तर आरएलसी. पाच ओळीत एक फोन कॉल.

ग्राहकाची तक्रार आली की "रिंग वाजलीच नाही पण पैसे कापले", आम्ही ट्रेस काढायचो आणि शिडी मांडायचो, कुठली पायरी गायब आहे किंवा वरखाली झालीय ते दिसायचं. शब्दांत लिहिलेला तीन पानी रिपोर्ट कोणी वाचत नसे.

हे आलं कुठून तेही सांगतो. आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं झेड १२० नावाचं मानक आहे, मेसेज सिक्वेन्स चार्ट, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. दुसरीकडे ईव्हार याकोबसन, जो यूएमएलच्या तिघा जनकांपैकी एक (बाकी दोघे ग्रेडी बूच आणि जेम्स रम्बॉ), तो मूळचा एरिक्सनचा, म्हणजे टेलिफोन एक्सचेंजवालाच. यूएमएल १९९७ ला ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने स्वीकारलं, पण तुमच्या त्या ऑल्ट-लूपच्या चौकटी तेव्हा नव्हत्या, त्या २००५ च्या यूएमएल २ मध्ये आल्या आणि कल्पना त्या झेड १२० वरूनच घेतलेली. आमची शिडी तुमच्याकडे आली म्हणा ना. आजही इंटरनेट फोनचं जे मूळ कागदपत्र आहे, आरएफसी ३२६१, २००२ चं, ते उघड, साध्या टाइप केलेल्या अक्षरांत शिड्या काढल्यात, इन्व्हाइट, रिंगिंग, ओके, बाय. एकही टूल न वापरता.

नीरक्षीर

काका माहिती छान पण मुलीचा रिव्ह्यू मंगळवारी आहे, तिला १९९७ नकोय.

आणि थोडं कडू बोलतो. दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, एकदाही कोणी यूएमएल मागितलं नाही. हे फक्त सबमिशनला लागतं. मार्कांपुरतं कर, लालपेन म्हणतात तसं काढ, आणि कोडवर लक्ष दे. यूएमएल मेलंय.

रात्रपाळी

@नीरक्षीर यूएमएल मेलं असेल हो, बाण मेलेले नाहीत. मागच्याच महिन्यात रात्री दोनला आम्ही तिघं बोर्डसमोर उभे होतो, एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेलेले, आणि बोर्डवर काय होतं तर चार उभ्या रेघा आणि आडवे बाण. चौकटी नव्हत्या, बाणांची टोकं कुणी बघितली नाहीत. पण होतं तेच.

भिंगरी, नऊ काढू नकोस. लॉगिन तर अजिबात नको, ते सगळ्यांचं सारखंच असतं आणि त्यात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. यूज केसला एक असा नियमच नाहीये, डायग्राम प्रसंगाचा असतो. आणि काढायचा कशाचा, तर जिथे तुमच्या चौघांत भांडण होऊ शकतं त्याचा. तुमच्या अ‍ॅपमध्ये असा प्रसंग एकच आहे, पैसे भरून बुकिंग. मेन्यू बघण्यात भांडण काय होणार?

मी एक कच्चा मांडून देतो. टूलमधले शब्द अर्थातच इंग्रजीत टाकायचे, इथे देवनागरीत लिहितोय (वेबहुक म्हणजे पैसे आले की पेमेंटवाला आपणहून सर्व्हरला पाठवतो तो निरोप):

विद्यार्थी -> अ‍ॅप : उद्या रात्रीचं जेवण
अ‍ॅप -> सर्व्हर : बुकिंगकर(तारीख, वेळ)
सर्व्हर -> डेटाबेस : शिल्लकताटं(तारीख, वेळ)
डेटाबेस --> सर्व्हर : १२
सर्व्हर -> डेटाबेस : बुकिंगठेव(पेंडिंग)
सर्व्हर -> पेमेंट : ऑर्डरबनव(७० रु.)
पेमेंट --> सर्व्हर : ऑर्डर क्रमांक
सर्व्हर --> अ‍ॅप : ऑर्डर क्रमांक
अ‍ॅप -> पेमेंट : पैसेभर(ऑर्डर क्रमांक)
ऑल्ट वेबहुक आला
 पेमेंट ->> सर्व्हर : पैसेमिळाले
 सर्व्हर -> डेटाबेस : स्थितीबदल(पक्कं)
एल्स दहा मिनिटांत काहीच नाही
 सर्व्हर -> पेमेंट : स्थितीविचार(ऑर्डर क्रमांक)
एंड

आता बघ, "पैसेमिळाले" हा बाण पेमेंटकडून सर्व्हरला जातो, अ‍ॅपकडून नाही. तुमच्या कोडमध्ये काय आहे? पैज लावतो की अ‍ॅप येऊन सर्व्हरला सांगतं "पैसे भरले बरं का" आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. मग पोराने पैसे भरले आणि त्याच क्षणी लिफ्टमध्ये शिरला, नेट गेलं, अ‍ॅप बंद पडलं, तर पैसे गेले आणि ताट नाही. उलट एखादा बहाद्दर पैसे न भरता सर्व्हरला तीच रिक्वेस्ट पाठवेल आणि महिनाभर फुकट जेवेल. कॉम्प्युटरच्या हॉस्टेलमध्ये असा बहाद्दर असतोच. हे कोड वाचून दिसत नाही कारण कोड तीन फाइलींत आहे, इथे एका नजरेत दिसतं.

आणि एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो हे धरून चाला. दुसऱ्यांदा आला तर दुसरं ताट बुक होता कामा नये.

कट्टाकरी

दुसरं ताट फुकट? कुठल्या कॉलेजात आहे हे, अ‍ॅडमिशन घेतो.

हिमबाधा

मी जर्मनीत आहे, आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यूला जो मजकूर जोडतो त्यात मर्मेडमध्ये (मजकुरातून चित्र करणारं टूल) छोटे सिक्वेन्स डायग्राम टाकायची पद्धत आहे. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) २०२२ पासून मर्मेड थेट दिसतं, वेगळं चित्र करून चिकटवायला लागत नाही. म्हणजे "कोणी मागत नाही" हे सरसकट नाही.

भिंगरी, वॉटरमार्कवाल्या टूलचा नाद सोड. मजकुरातून चित्र करणारं घे, प्लँटयूएमएल किंवा मर्मेड. मुख्य फायदा टीमसाठी: फाइल गिटमध्ये राहते, चौघं बदल करू शकता, कोणी काय बदललं ते दिसतं. माउसने ओढून केलेल्या चित्रात मधे एक बाण घुसवायचा म्हणजे खालचे सगळे सरकवत बसा.

एक खड्डा सांगते, मी स्वतः पडलेय. दोन्हींत खुणा सारख्या दिसतात पण अर्थ वेगळा. वर रात्रपाळींनी लिहिलंय ते प्लँटयूएमएलचं वळण. तिथे -> म्हणजे भरीव टोकाचा बाण आणि ->> म्हणजे उघड्या टोकाचा. मर्मेडमध्ये -> लिहिलंस तर टोकच येत नाही, नुसती रेघ, आणि ->> ला भरीव टोक. इकडचं तिकडे कॉपी केलंस की सगळा अर्थ उलटापालटा, आणि चित्र मात्र नीटनेटकं दिसतं त्यामुळे लक्षातही येत नाही. शिवाय मर्मेडमध्ये मेसेजच्या मजकुरात एंड हा इंग्रजी शब्द छोट्या अक्षरांत आला तर डायग्राम मोडू शकतो, त्याला वाटतं चौकट संपली.

मराठी नावं दोन्हींत चालतात. प्रिंटला चित्राची फाइल एसव्हीजी काढ, पीएनजी मोठं केलं की फाटतं.

भिंगरी_२१

@रात्रपाळी पैज जिंकलात. आमच्या कोडमध्ये अ‍ॅपच सांगतं पैसे भरले म्हणून. ज्याने ते लिहिलंय त्याला धागा दाखवला तर तो म्हणे "डेमोत नेट जाणार नाही".

आणि काल त्याने एआयला आमचा कोड देऊन सिक्वेन्स डायग्राम करून घेतला, दिसायला इतका भारी की आम्ही तिघं गप्पच झालो. मग मी लालपेन सरांचा नियम लावला, बाणावर बोट ठेवून मेथड शोधायची. एकूण २३ बाण, त्यातल्या ९ मेथड आमच्या कोडमध्ये नाहीतच. एक नोटिफिकेशन सर्व्हिस पण होती, आमच्याकडे नोटिफिकेशनच नाहीये.

लालपेन

बोट ठेवलंस ना, बास. एआयने करा, हाताने करा, बोट ठेवल्यावर मेथड सापडली पाहिजे. माझ्याकडे आणलंत तर मी तेच करणार. मात्र २३ बाण एका पानावर जास्त होतात, ए-फोर उभ्यावर सहा-सात लाइफलाइन आणि पंधराएक बाण इतपत ठेवा, वाढलं तर एक तुकडा वेगळ्या डायग्राममध्ये काढून इथे त्याच्या नावाची रेफची चौकट टाका. गेटर-सेटर (नुसती किंमत वाचणाऱ्या-बदलणाऱ्या मेथड) दाखवू नका. प्रत्येक कॉलला तुटक उत्तर दाखवायचीही सक्ती नाही, उत्तरात काही महत्त्वाचं परत येत असेल तेव्हाच.

शिडीवाला

चौथा प्रश्न कोणी घेतलाच नाही, टीमने कसं करायचं.

आमच्या वेळी नवीन पोरं आली की आम्ही त्यांना उभं करायचो. अक्षरशः. तू एक्सचेंज अ, तू एक्सचेंज ब, तू फोनवाला. हातात चिठ्ठ्या. चिठ्ठी दिल्याशिवाय बोलायचं नाही आणि समोरच्याच्या मनातलं आपल्याला माहीत आहे असं धरायचं नाही, चिठ्ठीवर जेवढं लिहिलंय तेवढंच. क्लासचे कार्ड हातात घेऊन असाच खेळ केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ ला प्रोग्रामिंग शिकवायला मांडला होता, तेव्हा पोरखेळ म्हणून हसू नका.

चौघं आहात, चार लाइफलाइन तयार. अर्धा तास लागेल.

नीरक्षीर

हे मात्र आवडलं. माझं "मेलंय" अर्धं मागे घेतो.

भिंगरी_२१

केलं! रूममध्ये जागा नव्हती म्हणून कॉरिडॉरमध्ये. येणारीजाणारी मुलं विचारत होती नाटक बसवताय का.

मी सर्व्हर. एकजण विद्यार्थी आणि अ‍ॅप दोन्ही, एकजण पेमेंट, चौथ्याने रेफरीगिरी केली (कोणी चिठ्ठीशिवाय बोललं की ओरडायचं). डेटाबेस म्हणून फराळाचा स्टीलचा डबा, बुकिंगची चिठ्ठी त्यात टाकायची.

पहिल्या फेरीत सगळं नीट, रात्रपाळी दादांच्या क्रमाने. दुसऱ्या फेरीत आम्ही दोन विद्यार्थी घेतले, रेफरीलाच विद्यार्थी केला, दोघांनी लागोपाठ बुकिंग केलं. डब्यात दोन चिठ्ठ्या, दोन्हींवर पेंडिंग. मग पेमेंटवाल्याने मला चिठ्ठी दिली, "पैसेमिळाले, ऑर्डर ५५०२". मी डबा उघडला. आणि उभीच राहिले. दोन्ही चिठ्ठ्यांवर नाव, तारीख, वेळ सगळं होतं, ऑर्डर क्रमांकच नव्हता! हे पैसे कोणाचे? पेमेंटवाला म्हणाला अगं याचे, तर रेफरी ओरडला, चिठ्ठीवर लिहिलंय का?

ऑर्डर क्रमांक मिळाल्यावर मी तो अ‍ॅपला देऊन मोकळी झाले होते, डब्यात लिहून ठेवलाच नव्हता. आमच्या टेबलमध्ये तो कॉलमच नाहीये. म्हणजे आता बुकिंग क्लासमध्ये एक फील्ड, एक मेथड आणि डायग्राममध्ये एक बाण वाढला. आणि "डेमोत नेट जाणार नाही" म्हणणाराच रात्री बसून वेबहुकचं लिहितोय, मी काही बोलले नाही.

@रात्रपाळी दादा, तुम्ही ते भोक मुद्दाम ठेवलं होतं ना?

रात्रपाळी

हो म्हणून भाव खाल्ला असता, पण नाही. राहिलं. दहा वेळा लिहिलेला कोड आहे आणि इथे टाइप करताना विसरलो. क्रमांक मिळाल्याबरोबर "क्रमांकजोड" असा बाण डेटाबेसला टाक, अ‍ॅपला उत्तर देण्याच्या आधी. नंतर टाकलास तर मधल्या मध्ये पैसे येऊन धडकायचे. आणि त्या कॉलमला युनिक लाव, म्हणजे एका ऑर्डरवर दोन बुकिंग चढणारच नाहीत. वेबहुक दुसऱ्यांदा आला तर बुकिंग आधीच पक्कं दिसेल, तिथून गुपचूप परत फिरायचं.

दोन विद्यार्थी घेतलेच आहात तर तिसरी फेरी पण करा, शिल्लक ताट एकच आणि दोघांनी एकाच वेळी विचारलं. दोघांनाही "१" असं उत्तर गेलं तर काय?

भिंगरी_२१

रिव्ह्यू झाला! तीनच डायग्राम नेले. पैसे भरून बुकिंग, शेवटचं एक ताट आणि दोन विद्यार्थी (तो ट्रान्झॅक्शनने सोडवला, मोजणं आणि ठेवणं एकाच झटक्यात), आणि कॅन्सल-रिफंड. मॅडमनी बोट ठेवलं. चार ठिकाणी. चारही मेथड सापडल्या. लाल पेन उघडलंच नाही असं म्हणणार होते, पण उघडलं.

पहिल्या डायग्रामच्या उजवीकडे रिकामी जागा होती तिथे एक उभी तुटक रेघ काढली आणि वर लिहिलं "काउंटर?". म्हणाल्या, कुपन अ‍ॅपमध्ये आलं इथपर्यंत ठीक, पुढे ते बघतं कोण?

आम्ही चौघं एकमेकांकडे. कॉरिडॉरमध्ये पण चिठ्ठी शेवटी विद्यार्थ्याच्या हातात आली आणि आम्ही टाळ्या वाजवून संपवलं होतं, घ्यायला कोणी उभंच नव्हतं.

काल जेवताना काउंटरवरच्या काकांना विचारलं, काका तुमच्या फोनवर क्यूआर स्कॅन होतो का. त्यांनी खिशातून बटणाचा फोन काढून दाखवला.

शिडीवाला

त्या फोनवर एसएमएस येतो. नवीन लाइफलाइन काढा.

कट्टाकरी

आणि लायब्ररियन?

भिंगरी_२१

@कट्टाकरी त्याला काढून टाकलं. @शिडीवाला काका, संध्याकाळी सहाला कॉरिडॉरमध्ये परत उभे राहतोय, या वेळी खरे काका येणार आहेत, म्हणाले भाजी टाकून येतो.